कोकण किनाऱ्याची सायकलवाट

तुमच्या घरी सायकल असेल. नसली तर शेजारी तरी असेलच. दूध घालायला, दळण आणायला, शाळेला, बाजाराला अशी ती रोज चार-पाच किलोमीटर धावते आणि संध्याकाळी पडवीत भिंतीला टेकून उभी राहते. याच सायकलीवर पाच-सहा दिवसांचा प्रवास करावा, दोन-तीन तालुके पाहून यावे, असे तुमच्या मनात आले तर घरची मंडळी काय म्हणतील? "वेड लागलंय का तुला? रस्त्याला ट्रक किती, मोटारी किती!" त्यांचे म्हणणे खोटेही नाही. आजच्या हमरस्त्यावर सायकल घेऊन जाणे म्हणजे हत्तींच्या कळपातून शेळी हाकण्यासारखे आहे.

मग मोटारींचा त्रास नाही असा लांबचा रस्ता आपल्याकडे आहे तरी का? आहे. तो कोकणात आहे, अगदी समुद्राच्या कडेने जातो. आणि गंमत अशी की तो शांत राहावा म्हणून कोणी मुद्दाम काही केलेले नाही. खाड्यांनी तो शांत ठेवला आहे. तो कसा, त्यावर सायकल कशी चालवायची, आणि तो पुढेही शांत राहावा असे वाटत असेल तर आपण काय करायला हवे, या तीन गोष्टी आज पाहू.

शिक्षक बंधुभगिनींनी वर्गातला महाराष्ट्राचा नकाशा समोर घ्यावा. उजवीकडे सह्याद्री, डावीकडे समुद्र, आणि मध्ये साधारण पन्नास किलोमीटर रुंदीची कोकणपट्टी. सह्याद्रीत उगम पावणाऱ्या नद्या एवढ्याशा अंतरात समुद्राला मिळतात. कुंडलिका, सावित्री, वाशिष्ठी, शास्त्री, काजळी, मुचकुंदी, अशी ही रांगच आहे. डोंगरातून उतरताना नदी अरुंद असते. समुद्राजवळ मात्र भरतीचे पाणी आत शिरते, तिचे पात्र पसरते आणि तिची खाडी होते. त्यामुळे कोकणात उत्तरेकडून दक्षिणेकडे रस्ता काढायचा तर दोनच मार्ग. एक तर नद्या अरुंद आहेत तिथून, म्हणजे डोंगराच्या पायथ्याजवळून जायचे. नाही तर किनाऱ्याने जायचे आणि प्रत्येक खाडीपाशी थांबून होडीची वाट पाहायची.

मोठा महामार्ग पहिल्या मार्गाने गेला. महाड, चिपळूण, संगमेश्वर, राजापूर ही गावे नकाशावर शोधा. सगळी आत, नदीकाठी आहेत. पूर्वी १७ क्रमांकाचा आणि आता ६६ क्रमांकाचा असलेला हा राष्ट्रीय महामार्ग तिथूनच जातो. लांबचे ट्रक, टँकर, रात्रीच्या आरामगाड्या साऱ्या त्यावरून धावतात. किनाऱ्याच्या बंदरांना पूर्वीपासून रस्ते होते खरे, पण ते बंदरातून घाटाकडे, म्हणजे पश्चिमेकडून पूर्वेकडे जाणारे. एका बंदरातून दुसऱ्या बंदरात माणसे गलबताने जात. किनाऱ्याकिनाऱ्याने जाणारा रस्ता पुढे तुकड्यातुकड्यांनी जोडत नेला गेला, आणि खाडी आली की तो आजही पुष्कळ ठिकाणी तुटतो.

उदाहरण म्हणून वाशिष्ठीची खाडी घ्या. उत्तरेला दाभोळ, दक्षिणेला धोपावे. या काठावरून त्या काठावरची माणसे दिसतात. पण मोटारीला पुलावरूनच जायचे असेल तर चिपळूणपर्यंत आत जाऊन परत यावे लागते, म्हणजे शंभर-एक किलोमीटरचा वळसा. २००३ साली इथे मोटारी वाहून नेणारी फेरीबोट सुरू झाली आणि हा वळसा वाचला. तरीही बोटीत गाड्या मावतात त्या मोजक्याच. ज्याला लांब जायची घाई आहे तो ट्रकवाला या वाटेला येतच नाही. सायकलवाल्याला मात्र जागा लागते ती हातभर. सायकल बोटीच्या कठड्याला टेकवायची, आपण शेजारी उभे राहायचे. मोटारीला जी अडचण, ती सायकलीची सोय झाली आहे, ती अशी.

आता तुम्ही म्हणाल, "रस्ता शांत आहे खरा, पण कोकणातले चढ कोण चढणार?" प्रश्न रास्त आहे, कारण या रस्त्याची खरी किंमत चढातच मोजावी लागते.

कोकणचा किनारा म्हणजे सपाट वाळूचा पट्टा नव्हे. जांभ्या दगडाचे उंच पठार पुष्कळ ठिकाणी थेट समुद्रापर्यंत आलेले आहे. या पठाराला सडा म्हणतात. सड्यावर वारा, गवत आणि उघडा कातळ. खाली खाडीकाठी माडापोफळीच्या वाड्या आणि वस्ती. रस्ता गावातून निघतो, सड्यावर चढतो, थोडा सपाटीने जातो आणि पुढच्या गावासाठी पुन्हा समुद्रसपाटीला उतरतो. दिवसातून असे पाच-सहा वेळा होते. एकेक चढ फार उंच नसतो, कुठे पन्नास मीटर, कुठे शंभर, क्वचित त्याहून जास्त. पण तो उभा असतो. शंभर पावले पुढे गेलो की आठ पावले वर, असा. यालाच शंभराला आठचा चढ म्हणू.

याचे गणित फळ्यावर मांडण्याजोगे आहे. माणूस, सायकल आणि सामान मिळून ८० किलो धरा. ते १०० मीटर उंच न्यायचे तर ८० गुणिले ९.८ गुणिले १००, म्हणजे ७८,४०० ज्यूल इतके काम होते. आपले शरीर अन्नातल्या शक्तीचा साधारण चौथा हिस्साच पायांच्या कामाला लावते, बाकीची उष्णता होऊन घामावाटे निघून जाते. तेव्हा चौपट धरा. हिशेब येतो सुमारे ७५ किलोकॅलरी. म्हणजे किती? साधारण अर्धी भाकरी! मुलांना हे सांगून पाहा. शंभर मीटरचा डोंगर अर्ध्या भाकरीत चढता येतो म्हटल्यावर चढाची भीती निम्मी होते.

मग दम का लागतो? तो कामाने लागत नाही, घाईने लागतो. सवयीचा निरोगी माणूस तासन्‌तास न थकता सुमारे ७५ वॅट शक्ती लावू शकतो असे धरून चालू. तेवढ्या शक्तीत, वारा नसताना, सपाट रस्त्यावर तो ताशी २० किलोमीटरने जातो. शंभराला आठच्या चढावर त्याच शक्तीत त्याचा वेग ताशी चार किलोमीटर होतो. ताशी चार म्हणजे चालण्याचा वेग. म्हणून चढ आला की खाली उतरून सायकल हातात धरून चालायला लाजू नका. उशीर होत नाही, गुडघे वाचतात आणि गड्यांच्या पलीकडे लगडलेले काजू दिसतात, ते निराळेच.

साध्या सायकलीवर बसूनच चढ चढायचा हट्ट का करू नये, तेही दात्यांच्या हिशेबातून कळते. साध्या सायकलीच्या पुढच्या चक्राला ४४ दाते आणि मागच्याला १८ असले तर पायडल एकदा पूर्ण फिरले की सायकल सुमारे साडेपाच मीटर पुढे जाते. ताशी चार किलोमीटर वेगाला मिनिटाला बारा फेरे पडतात. इतक्या संथ फेऱ्यात प्रत्येक वेळी पायावर सगळे वजन येते. गिअरच्या सायकलीत पुढे २८ आणि मागे ३२ अशी जोडी लावता येते. मग एका फेऱ्यात सायकल दोन मीटरही जात नाही. फेरे छत्तीसच्या आसपास पडतात आणि प्रत्येक फेरा हलका होतो. गिअर शक्ती वाढवत नाही, एका मोठ्या ओझ्याच्या लहान-लहान खेपा करून देतो. गिअरची सायकल असेल तर उत्तम. नसेल तर पाय आहेतच.

चढाइतकेच उताराकडे लक्ष द्या. चढताना कमावलेले ते ७८,४०० ज्यूल उतरताना कुठे तरी जायला हवेत. ते ब्रेकच्या रबरात आणि चाकाच्या रिममध्ये उष्णता होऊन जातात. माझाच अनुभव सांगतो. पहिल्या खेपेला एका लांब उतारावर मी दोन्ही ब्रेक वरपासून खालपर्यंत सारखे दाबून धरले. अर्ध्या वाटेत रिम हात लावू देईना आणि ब्रेकची पकड ढिली पडली. समोर वळण होते. कडेच्या वाळलेल्या गवतात सायकल घालून मी कसाबसा गडग्याला टेकलो. ढोपर फुटले, पण धडा मिळाला. ब्रेक सारखा धरून ठेवू नये. दाबावा, सोडावा, पुन्हा दाबावा, म्हणजे रिमला निवायला अवसर मिळतो. उतार सुरू होण्यापूर्वी थांबून दोन्ही ब्रेक तपासावेत. वळणावर चिरेखाणीची तांबडी माती पसरलेली असते, तिच्यावर चाक घसरते. तेव्हा वळणाआधी वेग कमी करावा, वळणात नव्हे.

आता घटकाभर दूर इटलीला जाऊ. तिथेही असाच डोंगर आणि समुद्र अंगाला अंग लावून उभे आहेत. लिगुरिया हा तिथला किनारी प्रांत. डोंगर आणि पाणी यांच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीतून एकोणिसाव्या शतकात आगगाडीचा एकेरी मार्ग गेला होता. २००१ साली त्या भागातली आगगाडी डोंगराच्या पोटातून काढलेल्या नव्या दुहेरी मार्गावर गेली आणि किनाऱ्यावरचा जुना मार्ग रिकामा पडला. ती जागा मोटारींना द्यावी, इमारतींना द्यावी, असेही होऊ शकले असते. तिथल्या लोकांनी तिच्यावर सायकलवाट केली. सान लोरेन्त्सो आल् मारे ते ओस्पेदालेत्ती अशी सुमारे २४ किलोमीटरची ही वाट २००८ पासून टप्प्याटप्प्याने खुली झाली. वाटेत सान रेमो हे प्रसिद्ध शहर लागते. जुने बोगदे तसेच ठेवले आहेत, त्यांत दिवे लावले आहेत. स्पेनमध्येही १९९३ पासून बंद पडलेल्या रेल्वेमार्गांच्या अशा 'हिरव्या वाटा' करण्याचे काम चालू आहे.

रेल्वेचाच मार्ग सायकलीला का मानवतो? कारण आगगाडीला उभा चढ चढता येत नाही. तिच्यासाठी डोंगर कापतात, बोगदे पाडतात, भराव घालतात. आपली कोकण रेल्वे १९९८ साली पूर्ण सुरू झाली, तिच्यावर नव्वदाहून अधिक बोगदे आहेत, आणि तिचा चढ दीडशेला एक यापेक्षा अधिक नाही. शंभराला एक इतक्या मंद चढावर आपला तोच ७५ वॅटचा सायकलस्वार ताशी १५ किलोमीटरने जातो. आपली रेल्वे चालू आहे आणि ती चालूच राहावी, तिच्या रुळांवर आपला डोळा नाही. पण इटलीच्या उदाहरणातून एक गोष्ट घेण्याजोगी आहे. शांत वाट आपोआप उरत नाही. जागा रिकामी होते किंवा नवी बांधली जाते, त्या वेळी कोणी तरी मागणी करावी लागते.

त्या मुद्द्यावर शेवटी येऊ. आधी प्रत्यक्ष वाट पाहू.

अलिबागपासून रत्नागिरीपर्यंतचा किनारा सुमारे तीनशे किलोमीटर भरतो. रोज पन्नास-साठ किलोमीटर धरले तर सहा दिवस. पहिल्या दिवशी अलिबागहून रेवदंडा, तिथे कुंडलिकेवरचा पूल ओलांडून काशीद आणि मुरूड. हा टप्पा मुंबईच्या जवळचा, म्हणून शनिवार-रविवारी आणि नाताळच्या सुट्टीत मोटारींनी भरलेला असतो. सोमवारी किंवा मंगळवारी निघा. दुसऱ्या दिवशी आगरदांड्याला पहिली फेरीबोट. राजपुरीच्या खाडीच्या तोंडाशी जंजिरा किल्ला आहे. पलीकडे दिघीला उतरून दिवेआगरवरून श्रीवर्धन. तिसऱ्या दिवशी हरिहरेश्वर, मग बागमांडल्याहून बोटीने सावित्रीची खाडी ओलांडून वेश्वी, वेळास आणि केळशी. वेळासला २००२ पासून समुद्रकासवांच्या घरट्यांची गावकऱ्यांच्या मदतीने राखण होते. मोसमात गेलात तर पिल्ले पाण्याकडे जाताना पाहायला मिळतात. चौथ्या दिवशी आंजर्ले, हर्णै आणि दाभोळ. हा दिवस चढउतारांचा. पाचव्या दिवशी दाभोळची बोट, मग गुहागर, वेळणेश्वर, हेदवी. सहाव्या दिवशी तवसाळहून जयगडला शास्त्रीची खाडी ओलांडायची आणि मालगुंड, गणपतीपुळे, आरे-वारे करीत रत्नागिरी गाठायची. मालगुंड हे कवी केशवसुतांचे जन्मगाव, तिथे त्यांचे स्मारक आहे. मराठीच्या शिक्षकांनी इथे तासभर थांबावे. परतीला रत्नागिरीहून आगगाडी आहे. सायकल सामानाच्या डब्यात नोंदवता येते, मात्र स्टेशनवर वेळेच्या बऱ्याच आधी जावे.

एक खबरदारी. दिघी आणि जयगड इथे मोठी बंदरे आहेत. तिथून आत महामार्गाकडे जाणाऱ्या रस्त्यांवर मालमोटारी असतात. आपण किनाऱ्याकडचा फाटा धरायचा आणि शंका आली की टपरीवर विचारायचे. कोकणात रस्ता विचारला की माणूस रस्ता तर सांगतोच, शिवाय तुम्ही कुणाचे कोण हेही विचारतो. त्याचा राग मानू नये. तीच माणसे संध्याकाळी उतरायची सोय करून देतात.

दिशेचेही महत्त्व आहे. हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात दुपारी समुद्रावरून वारा सुटतो, तो बहुधा वायव्येकडून येतो. तेव्हा उत्तरेकडून दक्षिणेकडे निघालात तर दुपारचा वारा पाठीशी राहतो. पावसाळ्यात ही सफर करू नये. इथे चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, रस्त्यावर शेवाळ धरते आणि खाडीतली बोट कधी बंद राहील त्याचा नेम नसतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे दिवस उत्तम. तेव्हाही पहाटे उजाडताच निघावे आणि अकरापर्यंत दिवसाचा मोठा भाग उरकावा. सड्यावर सावली नसते, पाणी नसते. दोन बाटल्या भरलेल्या असल्याशिवाय चढाला लागू नये. खाली वाडीत शहाळे, कोकम सरबत मिळते. घामाने मीठ जाते, म्हणून सरबतात चिमूटभर मीठ घालून घ्यावे.

सामान थोडेच घ्या. दोन जोड कपडे, एक पंचा, टॉर्च, पंक्चरचे सामान, पंप, एक जादा ट्यूब, ब्रेकच्या रबराची एक जोडी. पाठीवर पिशवी घेऊ नका, पाठ भिजते आणि मान आखडते. ओझे मागच्या कॅरिअरवर दोन्ही बाजूंना सारखे बांधा. डोक्याला हेल्मेट असावे. आणि बोटीची शेवटची फेरी किती वाजता, हे आदल्या गावी विचारून ठेवा. बोट चुकली तर रात्र अलीकडच्या काठावर काढावी लागते. तीही वाईट जात नाही, पण घरच्यांना कळवलेले असावे.

मुलांना सहा दिवसांच्या सफरीला नेऊ नये. एका दिवसाची, जाऊन-येऊन वीस किलोमीटरची सहल पुरे. आधी शिक्षकाने एकट्याने ती वाट पाहून यावी. एक शिक्षक पुढे, एक मागे, मुले एकेरी रांगेत. ब्रेक नीट नसलेली सायकल शाळेच्या फाटकाबाहेर पडता कामा नये. देशावरच्या गावांना समुद्र नाही, पण कालव्याच्या कडेची वाट असते. परवानगी घेऊन त्या वाटेने मुलांना नेता येते. तिथे ट्रक नाहीत आणि चढही नाही. पाण्याची खोली मात्र विसरू नये.

आता शेवटचा आणि महत्त्वाचा मुद्दा. हा रस्ता असाच राहणार आहे का?

नाही. रेवसपासून रेडीपर्यंत सुमारे पाचशे किलोमीटरचा सागरी महामार्ग पक्का करण्याची आणि तुटलेल्या खाड्यांवर पूल बांधण्याची योजना शासनाने हाती घेतली आहे. आगरदांडा, बागमांडले, दाभोळ, जयगड ही सारी नावे तीत आहेत. काही ठिकाणी काम सुरूही झाले आहे. पूल झाले की खाडीची राखण संपली. मग मोटारी आणि ट्रक किनाऱ्याने येतील.

तेव्हा पूल नकोत, असे म्हणायचे का? एकदा बोटीत एक कोळीण मावशी माझ्या शेजारी टोपली घेऊन बसल्या होत्या. माझ्या सायकलीकडे बघून म्हणाल्या, "काय रे बाबा, मोटार परवडत नाही काय?"

"परवडत नाही मावशी, आणि हौसही आहे."

त्या हसल्या. मी पुलाचा विषय काढला. तशा गंभीर झाल्या. "पूल पायजेच. सुनेला रातीचं दुखायला लागलं तेव्हा बोट बंद झालेली. तालुक्याला न्यायची तर केवढा फेरा! मेली असती पोर." मग थोडा वेळ गप्प राहून म्हणाल्या, "पण एक सांग. पूल झाल्यावर ही बोट राहील काय? आणि पुलावरून टोपली घेऊन मी चालायचं कुठून? गाडीच्या चाकाखालून?"

मला उत्तर देता आले नाही. पण मंडळी, प्रश्न किती नेमका आहे पाहा. पूल हवाच. रात्रीअपरात्री दवाखान्यात जाणाऱ्या बाईला तो हवा, खाडीपलीकडच्या शाळेत जाणाऱ्या मास्तरांना हवा. सहलीला आलेल्या माणसाने आपल्या शांततेसाठी तिथल्या लोकांना खाडी ओलांडायला लावणे हा स्वार्थ झाला. पण पूल झाला की बोटीला उतारू मिळेनासे होतात आणि ती बंद पडते. बोट पायी माणसाला नेत होती, टोपलीला नेत होती, सायकलीला नेत होती. पूल फक्त चाकांच्या मोटारींपुरता बांधला गेला, तर ज्यांच्यापाशी मोटार नाही त्यांची ओलांडायची सोय पूर्वीपेक्षाही वाईट होईल.

आणि सायकलवाला म्हणजे केवळ हौशी प्रवासी नव्हे. शासनाच्या मानव विकास कार्यक्रमातून मागास तालुक्यांतल्या शाळकरी मुलींना शाळेत जाण्यासाठी सायकली दिल्या जातात. अशी मुलगी उद्या खाडीवरच्या पुलावरून एकटी शाळेला जाईल. तिच्या शेजारून ट्रक जाईल तेव्हा त्या दोघांमध्ये काय असेल? रंगाचा एक पांढरा पट्टा, की उंच कठड्याची वेगळी वाट?

याचे उत्तर पूल बांधण्यापूर्वी ठरते. बांधून झालेल्या पुलाला मागाहून सायकलवाट जोडणे फार खर्चाचे आणि पुष्कळदा अशक्य असते. आधीच आराखड्यात ती असली तर दोन-अडीच मीटर रुंदी वाढते, इतकेच. म्हणून किनाऱ्यावरच्या गावांनी आपल्या ग्रामसभेत आताच ठराव करावा. आपल्या खाडीवरच्या पुलाला पायी माणसांसाठी आणि सायकलींसाठी कठड्याने वेगळी केलेली वाट असावी, आणि नवा रुंद रस्ता गावाबाहेरून गेला तर जुना रस्ता मोडू नये, तो सायकली, बैलगाड्या आणि पादचारी यांच्यासाठी राखावा, असे त्यात स्पष्ट लिहावे. शिक्षकांनी मजकूर लिहून द्यायला मदत करावी. वरच्या वर्गातल्या मुलांना एक काम द्यावे. एका दिवसात बोटीने पायी किती माणसे गेली, सायकली किती, डोक्यावर ओझे असलेल्या बाया किती, याची नोंद करायची. वहीतली ती नोंद ठरावाला जोडावी. कागदावर आकडा असला की साहेबाला तो वाचावा लागतो.

इटलीतल्या लोकांना रिकामा रेल्वेमार्ग मिळाला, त्यांनी तो मागून घेतला. आपल्याला खाड्यांनी इतकी वर्षे एक शांत वाट फुकट राखून दिली. आता ती राखण आपल्याकडे येते आहे.

यंदाच्या थंडीत ती वाट एकदा पाहून या. दोन्ही चाकांत हवा भरा, ब्रेक तपासा, भाकऱ्या बांधून घ्या. आणि बोटीत एखाद्या मावशीने तुम्हालाही तोच प्रश्न विचारला, तर तिला ठरावाची गोष्ट जरूर सांगा.